तोंडाने काही देऊ नये

"हात सैल सोडा," सिस्टर म्हणाली.

त्याने सोडला. निदान सोडला असं त्याला वाटलं.

"सोडा हो, दादा. मी काही तुमचा हात घेऊन पळत नाही." रांगेतले दोघंतिघं हसले. तोही हसला, न हसून करतो काय. कंपनीची वार्षिक तपासणी होती. कॅन्टीनशेजारच्या खोलीत दोन टेबलं जोडलेली, एकावर वजन आणि डोळे, दुसऱ्यावर रक्तदाब. लिफ्टच्या कामावरच्या माणसाला हा कागद दरवर्षी लागतो, त्याशिवाय शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली जाते त्या विहिरीत, उतरू देत नाहीत. सव्वीस वर्षं तो हा पट्टा दंडाला बांधून घेत आला होता. दरवर्षी सिस्टर कुणीतरी वेगळी असायची आणि दरवर्षी तो तिची काहीतरी थट्टा करायचा. या वर्षी पट्टा फुगायला लागला, दंड आवळत गेला आणि उजव्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी, ती जागा चुरचुरायला लागली. तिथे त्या दुसऱ्या सिस्टरचा कान लागला होता. आठ महिने झाले, तरी पांढरा गणवेश जवळ आला की त्या जागेला त्याच्या आधी कळायचं. त्याने बोटं उघडायचा प्रयत्न केला, आणि बोटं आपली मिटलेलीच.

"एकशे सत्त्याहत्तर! अहो, घरून भांडून आलात की काय?"

"नाही."

"मग जा, त्या बाकावर दहा मिनिटं गप बसा. मी पुन्हा बघते. डोक्यात काही आणू नका."

डोक्यात काही आणू नका! सांगायला काय जातंय. बाक नेमका भिंतीसमोर होता आणि भिंतीवर, हात कसे धुवावेत त्या चित्रांच्या खाली, ती पाटी होती. डॉक्टर, परिचारिका किंवा कोणत्याही आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणे, त्यांना धमकावणे अथवा त्यांच्या कामात अडथळा आणणे हा गंभीर गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद व दंड. सिस्टरने कुठून तरी आणून चिकटपट्टीने लावली असावी, एक कोपरा सुटला होता. त्याला ती तोंडपाठ होती. पोलिसांनी वाचून दाखवली होती, वकिलाने वाचून दाखवली होती, आणि आता शहरात जिथे जावं तिथे, दाताच्या दवाखान्यात, रक्त तपासायच्या दुकानात, ती आपली त्याच्या आधी येऊन हजर. पूर्वीही असणारच. पूर्वी त्याने ती वाचली नव्हती, आणि हे त्याच्या बाबतीत नवलच, कारण पाट्या वाचणं हा त्याचा धर्म होता. कामावर त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. पाटीवाले म्हणतात. लिफ्टच्या कामातला पहिला नियम असा, की माणूस आत उतरायच्या आधी वरच्या खोलीतला मेन स्विच पाडायचा आणि त्यावर पाटी अडकवायची: माणूस आत आहे, स्विच लावू नये. ज्याने लावली त्यानेच ती काढायची. पंधरा वर्षांपूर्वी एका इमारतीत त्याचा जोडीदार आत असताना तिथल्या रखवालदाराने पाटी बाजूला सारून स्विच लावला, कारण सातव्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन खोळंबल्या होत्या. जोडीदाराची दोन बोटं गेली. "एका मिनिटाने काय होतंय, असं वाटलं हो," रखवालदार म्हणाला. ते ऐकून हा असा काही पेटला की त्या म्हाताऱ्याची गचांडी धरून त्याने त्याला जिन्यात उभा केला आणि सगळ्या इमारतीसमोर विचारलं, वाचता येत नाही का, की डोळ्यांच्या जागी बटणं शिवलीत? तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाला तो ही गोष्ट सांगायचा, दोन बोटं दुमडून दाखवायचा आणि शेवटी म्हणायचा, पाटी म्हणजे पाटी, तिथे आपली अक्कल पाजळायची नाही. गेल्या आठ महिन्यांत त्याने ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. नवा माणूस आला की त्याला तो दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात मारायचा. लोकांना वाटायचं, वडील गेल्यापासून पाटीवाले खचलेत.

हॉस्पिटलात अप्पांच्या खाटेलाही पाटी होती. पायथ्याच्या दांडीला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठा, त्यावर लाल अक्षरांत: तोंडाने काही देऊ नये. पक्षाघाताच्या झटक्याने अप्पांची उजवी बाजू गेली होती आणि गिळायची ताकदही गेली होती. तिथल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी त्याला आणि ताईला शेजारी उभं करून समजावलं. बारीक चणीची, पंचविशीची पोरगी, बोलताना पेन कानामागे खोचायची. यांना काही पाजलंत तर ते पोटात न जाता छातीत उतरेल, म्हणून नाकातून नळी घातलीये, सगळं तिच्यातूनच द्यायचं. तहान लागली म्हणाले तर ओला कापूस ओठांवरून फिरवा, बास. "थेंबसुद्धा नाही हं, काका." त्याला तेव्हा ती आवडली होती. चला, नियमाला पक्की आहे पोरगी, असं त्याला वाटलं होतं, आणि खाली चहा प्यायला गेल्यावर त्याने ते ताईला बोलूनही दाखवलं होतं. ताई म्हणाली, "तुला काय, पाटी दिसली की बरं वाटतं." ताई शाळेत मुख्याध्यापिका. तिच्या बोलण्यावर वर्ग हसतो, तसा तो हसला.

आणि अप्पा ताईचे. हे घरात कुणी कधी बोललं नाही, पण बोलायची गरजच काय होती? अप्पांनी चौतीस वर्षं टपालाच्या कचेरीत पत्रं वेगळी केली, आणि घरी आल्यावरही माणसं तशीच वेगळी करून ठेवली: ही हुशार, हा हाताचा चांगला. हाताचा चांगला म्हणजे काय ते त्याला फार लवकर कळलं. उभ्या जन्मात अप्पांनी त्याच्याकडे काही म्हणून मागितलं नाही. चष्म्याची दांडी तुटली तर ते ताईला सांगायचे, ताई त्याला सांगायची, तो दुरुस्त करून ताईकडे द्यायचा आणि ताई अप्पांना नेऊन द्यायची. त्या खाटेवर अप्पांचा चालणारा डावा हात दिवसभर चादरीवर पत्रं टाकत राहायचा, एक इकडे, एक तिकडे, आणि तो हात थांबला की समजायचं, त्यांना काहीतरी हवंय. चौथ्या दिवशी दुपारी ताई आंघोळीला घरी गेली होती. तो स्टुलावर बसून फ्लास्कमधला चहा झाकणात ओतत होता, स्वतःसाठी. हात थांबला. अप्पांनी फ्लास्ककडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याच्या मागे, दाराकडे, ताई आली का ते बघितलं नाही, त्याच्याचकडे बघितलं, आणि वाकड्या झालेल्या तोंडातून एकच शब्द काढला, "दे." बावन्न वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, पण त्या एका शब्दाने त्याच्या छातीत असं काही हललं की सांगता सोय नाही. त्याने पाटीकडे बघितलं. चार चमच्यांनी काय होतंय, त्याच्या मनात आलं. हे आपण ऐकलंय कुठेतरी, असंही त्या क्षणी वाटून गेलं, पण कुठे ते आठवायला तो थांबला नाही. आणि मग त्याने जे केलं ते त्याने आजवर वकिलाला सांगितलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं. त्याने उठून खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. न कळून चुकणारा माणूस पडदा कशाला ओढेल?

चौथ्या चमच्याला ठसका लागला. आधी बारीक, मग असा की अख्खी खाट हलायला लागली, आणि चेहऱ्याचा रंग उतरत उतरत जांभळा झाला. आता कुणीही म्हणेल, माणूस घाबरतो, हाक मारतो. त्याने आधी फ्लास्कचं झाकण लावलं. फिरवून घट्ट केलं. चमचा पुसला, दोन्ही पिशवीत टाकले, पिशवी खाटेखाली सरकवली, पडदा बाजूला केला आणि मग हाक मारली. हा जो वेळ गेला, तो त्याने नंतर कितीदा तरी मोजला होता, रस्त्याने चालताना, शाफ्टमध्ये दिव्याच्या उजेडात केबलला तेल लावताना. पंधरा सेकंद, फार तर वीस. सिस्टर धावत आली, मशीन ओढत आणलं, घशात नळी घातली, आणि काचेच्या भांड्यात तांबूस पाणी यायला लागलं. तिने भांड्याकडे बघितलं आणि मान वळवून विचारलं, "काय पाजलंत? काका, खरं सांगा. काय पाजलंत आणि किती?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. पोरगी आपलं काम करत होती, पुढे काय करायचं ते ठरवायला तिला ते कळायला हवं होतं. जोडीदाराचा हात अडकला तेव्हा यानेही खाली वाकून असंच ओरडून विचारलं होतं, स्विच कुणी लावला? पण पडद्याच्या फटीत शेजारच्या खाटांवरची माणसं जमली होती. ती ऐकत होती. आणि त्याचा हात उठला. अप्पा ज्या हाताला चांगला म्हणायचे तोच हात. तो तिच्या डाव्या कानावर बसला, आणि तो आवाज त्याला ओला वाटला. तिच्या हातातली नळी खाली पडली. ती वाकली, एका हाताने कान धरला, दुसऱ्या हाताने नव्या नळीचं पाकीट उचललं, दातांनी फाडलं आणि पुन्हा अप्पांच्या तोंडावर वाकली. थप्पड खाऊन ती तिथून गेली असती, रडली असती, ओरडली असती, तर कदाचित त्याला पुढे जगता आलं असतं. ती काम करत राहिली, आणि तो तिच्या पाठीमागे उभा राहून ओरडायला लागला, "लक्ष देत नाहीत! माझ्या बापाला मारलं हिने!" लोक तयारच असतात. कुणीतरी पुढे घुसला, कुणीतरी मशीनला लाथ घातली, भांडं फुटलं आणि ते तांबूस पाणी फरशीवर पसरलं. पाऊण तासाने अप्पा गेले. तोवर फरशी पुसून झाली होती.

बाकावर त्याच्या शेजारी फिटर येऊन बसला. "काय पाटीवाले, नापास?"

"पुन्हा बघते म्हणाली."

"आज तीन वाजता ते आहे ना तुमचं?" फिटरने आवाज खाली आणला. "घाबरू नका. मी असतो तर मीही हेच केलं असतं. बाप तो बाप. अशांना धडा शिकवायलाच हवा." आणि त्याने पाटीवाल्यांच्या मांडीवर थोपटलं.

हे थोपटणं त्याला सहन होईना. पहिल्या दिवसापासून हेच चाललं होतं. भेटायला आलेले नातेवाईक आधी अप्पांच्या फोटोकडे बघायचे आणि मग त्याच्या हाताकडे. मामा, जे त्याच्याशी उभ्या आयुष्यात चार शब्द धड बोलले नव्हते, दारातच मिठी मारून म्हणाले, "शाब्बास रे वाघा." ताईने आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं की मी तिथे नव्हते, पण माझा धाकटा होता. माझा धाकटा! हे दोन शब्द ऐकायला तो लहानपणी काय वाटेल ते करायला तयार होता, आणि आता ते मिळाले तर असे. त्याला शरमेने मान वर करवत नव्हती, आणि लोक म्हणायचे, बघा, किती दुःख झालंय बिचाऱ्याला. एकट्या बायकोने कौतुक केलं नाही. पोलीस त्याला घेऊन गेले, तीन दिवस कोठडीत ठेवून जामिनावर सोडलं, आणि तो घरी आला तेव्हा ती दार उघडून एवढंच म्हणाली, "आपल्या थोरलीएवढी असेल हो ती." नंतर तो विषय तिने काढला नाही. ताट वाढायची, कपडे काढून ठेवायची, पण त्याच्या उजव्या बाजूला बसायची नाही. की त्यालाच तसं वाटायचं, कोण जाणे.

वकील ताईने बघून दिला. चुणचुणीत माणूस, बोलताना टेबलावर बोटांनी ठेका धरायचा. "नवा कायदा कडक आहे," तो म्हणाला. "तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं, कंपनीही ठेवणार नाही तुम्हाला. आपसात मिटवायची सोय नाही, जोवर तिची बाजू कच्ची पडत नाही." तिची बाजू कच्ची पाडायचं काम ताईने हातात घेतलं. दोन वाजता सिस्टरने नळीतून दूध दिलं होतं, तशी नोंद होती. दूध देताना खाटेचं डोकं उंच करावं लागतं. ते तिने केलं नाही, खाट सपाट होती, म्हणून दूध छातीत गेलं, अशी तक्रार ताईने हॉस्पिटलकडे केली, तीन पानी, एक काना इकडचा तिकडे नाही. सिस्टरने आपल्या जबाबात लिहिलं होतं की भांड्यात चहा होता. पण भांडं फुटलेलं, आणि पडद्याआड काय झालं ते बघितलेला माणूस एकच. चौकशी संपेपर्यंत तिला वॉर्डातून काढून धुतलेल्या चादरींच्या घड्या तपासायला बसवलं होतं. चौकशीत ती दोषी ठरली की तिची नोकरी गेली, आणि तिची नोकरी गेली की कोर्टात आपण म्हणायचं, बाप डोळ्यांसमोर मारला जात असताना मुलाचा हात उठला, कुणाचा नसता उठला? "तुम्ही फक्त दोनच वाक्यं बोलायची," वकील म्हणाला. "मी काही पाजलं नाही. खाट सपाट होती. बाकी सगळं ताईसाहेब बघतील." खाट सपाट नव्हती. सिस्टरने जाताना दोनदा हँडल फिरवून डोकं उंच केलं होतं आणि त्याला सांगितलं होतं, तासभर असंच राहू दे, काका. तिला त्याने त्यानंतर एकदाच बघितलं होतं, कोर्टाच्या व्हरांड्यात. तिची आई डाव्या बाजूने काहीतरी बोलत होती आणि पोरगी नुसती मान वळवत नव्हती, अख्खी वळत होती. पडदा फाटलाय कानाचा, वकील सहज म्हणाला होता, तेच जरा आपल्याला जड जातंय.

भिंतीवरची पाटी त्याने पुन्हा वाचली. थपडेचं सगळं लिहिलेलं होतं, किती वर्षं, काय काय. त्यातली तीन वर्षं तो एखादे वेळी काढेलही, त्याची भीती वाटायची, पण ती भीती धरता येण्यासारखी होती. चहाचं कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. चहासाठी त्याला कुणी धरणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. विचारणारी एकटी ती, आणि तिला त्याने उत्तर देऊन ठेवलं होतं.

"या," सिस्टरने हाक मारली. पुन्हा पट्टा, पुन्हा ते आवळणं. "अगं बाई, वाढलंच की! दादा, मी सही करू शकत नाही. उद्या या. आणि हे बघा," तिने पट्टा सोडला आणि त्याच्या मुठीवर सहज हात ठेवला, "जे काय असेल ते बोलून मोकळे व्हा कुणापाशी तरी. माझे वडील असेच कुढत बसायचे." त्याने हात असा झटकन ओढून घेतला की टेबलावरची पेनं सांडली. ती सावरून मागे सरकली. थोडीशीच. पण सरकली, आणि ते त्याने बघितलं.

तीनला दहा कमी असताना ताई चौकशीसाठी हॉस्पिटलच्या दारात उभी होती, हातात फाइल, साडीची निरी जागच्या जागी. "शर्टाचं वरचं बटण लाव," ती म्हणाली. त्याने लावलं. "काही घाबरायचं नाही. मी बोलते. तुला विचारलं तर दोन वाक्यं." लिफ्टसमोर रांग होती. ते जिन्याने चढले, आणि ताई दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली तेव्हा त्याला तिच्या मानेवरचे पांढरे केस दिसले, रंग लावताना राहून गेलेले. त्याला तिची फार कणव आली. अप्पा गेल्यापासून तिने आपला सगळा शोक या फाइलीत भरला होता. फाइल काढून घेतली तर तिच्याकडे काय उरणार होतं? तो म्हणणार होता, ताई, जरा थांब. तेवढ्यात ती चढायला लागली.

खोलीत लांबट टेबल. मधे मोठे डॉक्टर, शेजारी मेट्रन, कडेला कॉम्प्युटरवर जबाब टाइप करणाऱ्या बाई. सिस्टर भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती, आणि खुर्च्या अशा मांडलेल्या की तिची डावी बाजू त्याच्याकडे आली. तिने पेन कानामागे खोचलं नव्हतं. हातात धरलं होतं. ताई उभी राहून बोलली. काय बोलली! तारखा, वेळा, औषधांची नावं, सगळं तोंडपाठ. डॉक्टरसुद्धा मधे एकदा विद्यार्थ्यासारखे मान हलवून गेले. "आणि शेवटचं सांगते," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच हलला, "माझे वडील शेवटपर्यंत शुद्धीवर होते. सुधारत होते. जाताना त्यांनी माझं नाव घेतलं. माझा भाऊ साक्षीला आहे, विचारा त्याला. असा माणूस आपोआप गुदमरतो का हो?"

तिचं नाव. त्या दिवशी ती घरून धावत आली, ओले केस तसेच पाठीवर, आणि तिने त्याचे दोन्ही खांदे धरून विचारलं, काही बोलले का रे? काही बोलले का? काहीतरी द्यायला हवं होतं तिला. त्याने हे दिलं. तासाभरापूर्वी सिस्टरच्या नावाने खोटं बोलून झालंच होतं, दुसरं त्यामानाने हलकं वाटलं. तेव्हापासून ती दर चार दिवसांनी ते पुन्हा ऐकायला यायची, कसे म्हणाले, किती वेळा म्हणाले, आणि तो दरवेळी थोडं वाढवून सांगायचा.

"तुमचं काय म्हणणं आहे?" डॉक्टर त्याच्याकडे वळले. "वडिलांना तोंडाने काही दिलं होतं का?"

त्याच्या डोक्यात दोन्ही वाक्यं तयार होती. तोंड उघडलं की आपोआप बाहेर पडली असती, इतकी घोटून घेतलेली.

"हो," तो म्हणाला. "चहा. मी पाजला."

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. सिस्टर खुर्चीत अख्खी वळली, उजवा कान त्याच्याकडे करून. "मला ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "काय म्हणाले ते?"

ती हे मेट्रनला विचारत होती, पण मेट्रनने त्याच्याकडेच बोट केलं. तेव्हा त्यालाच पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने, ज्या कानाने ऐकू येतं त्या कानाला. "चहा मी पाजला, सिस्टर. पडदा ओढून. खाट उंच होती, तुम्हीच केली होती."

"किती?"

"चार चमचे."

तिने मान हलवली. आठ महिन्यांनी का होईना, उत्तर आलं होतं, आणि ते तिने घेतलं, बस. "मी तेच लिहिलं होतं, मॅडम," ती मेट्रनला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिने ते पुसलं नाही. त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर कुठेतरी हलकं वाटेल. छे. उलट अंगावरचे कपडे कुणी भर खोलीत काढून घेतल्यासारखं झालं. "तेव्हाच सांगितलं असतं," तो चाचरला, "तर ते..."

"माहीत नाही," ती म्हणाली. "तरीही गेले असते कदाचित. पण मला तेव्हा हवं होतं ते." मग जरा थांबून, "मी केस मागे नाही घेणार."

"नका घेऊ."

"अहो, थांबा!" ताई हसली, शाळेत एखाद्या पोराने वेडंवाकडं उत्तर दिल्यावर हसतात तशी. "साहेब, हे लिहून घेऊ नका. मी ओळखते याला. या मुलीची अवस्था बघून याचं काळीज पाघळलंय. लहानपणापासून असाच आहे, कुणाचं दुःख बघवत नाही, दुसऱ्याचं आपल्या अंगावर ओढून घेतो. देवमाणूस आहे हो माझा भाऊ." आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टर त्याच्याकडे पाहायला लागले, मेट्रनही. त्या नजरेत जरा शंका, जरा आदर. त्याने नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिला असता तर तो देवमाणूस म्हणून त्या खोलीतून बाहेर पडला असता, सिस्टरही धड सुटली नसती, आणि ताईचा हात पाठीवर राहिला असता. तो हात फार ऊबदार होता.

"ताई," तो म्हणाला, "पहिला चमचा घेतल्यावर अप्पा म्हणाले, साखर कमी आहे."

पाठीवरचा हात निघाला. रोज सकाळी पहिल्या घोटाला अप्पा हे म्हणायचे, आधी आईला, आई गेल्यावर ताईला. साखर दोन चमचे घाला नाहीतर पाच. कपाला हात लावायच्या आधी ताई ते वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची आणि अप्पा हसायचे. ताई हळूहळू खाली बसली. फाइल मांडीवरून घसरून जमिनीवर गेली, तिने उचलली नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तो सहा वर्षांचा असताना तिने त्याला शाळेत सोडायला नेलं होतं, तेव्हापासून आजपर्यंत तिने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"त्यानंतर?" तिने विचारलं.

"त्यानंतर काही नाही. ठसकाच लागला."

"म्हणजे माझं नाव..."

"नाही घेतलं, ताई. ते मी सांगितलं. मनाचं."

टाइप करणाऱ्या बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि अवघडून विचारलं, "सर, हेसुद्धा लिहायचं का?"

डॉक्टर काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "लिहा."